उताराची दोन वर्षे: साताऱ्याच्या घाटातील माझ्या नोंदी

सातारा हिल हाफ मॅरेथॉन मी 2023 आणि 2025 अशी दोनदा धावले; मधल्या वर्षी नाव नोंदवूनही धावू शकले नाही. पहिल्या खेपेला मला 2 तास 51 मिनिटे 40 सेकंद लागली, दुसऱ्या खेपेला 2 तास 35 मिनिटे 50 सेकंद. ही जवळजवळ सोळा मिनिटांची सुधारणा कशी झाली, असे कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर धावणाऱ्या आमच्या गटात कोणी विचारले की "चढाचा सराव भरपूर केलास ना?" हे उत्तर प्रश्नातच दिलेले असते. घड्याळातील नोंदी मात्र वेगळेच सांगतात. 2023 मध्ये वर जायला 1:27:25 लागले होते आणि खाली यायला 1:24:15. 2025 मध्ये वर जायला 1:28:40 लागले, म्हणजे सव्वा मिनिट जास्तच, आणि खाली यायला 1:07:10. जे काही कमावले ते सगळे उतारावर कमावले, आणि पहिल्या वर्षी जे गमावले होते तेही तिथेच गमावले होते, हे उमगायला मला दोन वर्षे आणि एक दुखावलेला गुडघा खर्ची घालावा लागला.

ज्यांनी हा मार्ग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साताऱ्यातून निघून समर्थ मंदिराच्या चौकापर्यंत आले की यवतेश्वरचा घाट सुरू होतो. घाट चढताना खाली शहर आणि पलीकडे अजिंक्यतारा दिसत राहतो, म्हणजे धुके नसेल तर दिसतो. वर पोहोचल्यावर रस्ता कासच्या दिशेने डोंगराच्या कण्यावरून खालीवर होत जातो, आणि मग वळून आलेल्या वाटेनेच परत यायचे असते. कासचे पठार तिथून बरेच पुढे राहते, त्यामुळे "फुले दिसली का?" या प्रश्नाला उत्तर देऊन मी आता थकले आहे. स्पर्धा पावसाळ्याच्या शेवटाला असल्याने हवा थंड असते आणि रस्ता बहुधा ओला असतो. पहिल्या गोष्टीचे कौतुक सगळे करतात, दुसरीचा विचार निम्म्या वाटेवर, माघारी वळल्यानंतर होतो.

मी कोल्हापूरची, एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते, आणि बेचाळिसाव्या वर्षी चालण्यापासून सुरुवात केलेली आहे. रंकाळ्याची फेरी माझ्या घड्याळावर चार किलोमीटरांहून थोडी जास्त भरते आणि ती जवळजवळ सपाट आहे. 2023 साठी मी या सपाट फेऱ्या आणि दर रविवारी पायथ्याच्या केर्ली गावाहून ज्योतिबाचा घाट अशी तयारी केली. घाट धावत चढायचा, वर पोहोचले की देवाला नमस्कार करायचा आणि नवरा स्कूटर घेऊन आलेला असे, तिच्यावर बसून खाली यायचे, असा तो सराव होता. चार महिन्यांत साधारण सोळा वेळा मी तो घाट चढले आणि एकदाही धावत उतरले नाही. चढणे हेच कष्टाचे काम आणि उतरणे ही त्याची बक्षिसी, असे मी गृहीत धरले होते. त्यात काही चुकते आहे असे मलाही वाटले नाही आणि मला सांगणाऱ्यांनाही वाटले नसावे.

स्पर्धेच्या दिवशी चढ अगदी मनासारखा गेला. वळणावर पाणी प्यायले, मनातल्या मनात दोन तास वीस मिनिटांचा हिशेब मांडला आणि उतार लागताच पाय मोकळे सोडले. यवतेश्वरपर्यंतचे तीन किलोमीटर फार सुखाचे गेले. घाटातल्या दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर मांड्यांचे पुढचे स्नायू थरथरू लागले, आणि त्यानंतर प्रत्येक पावलाला गुडघा आपोआप मुडपेल की काय अशी भीती वाटू लागली. दम अजिबात लागलेला नव्हता. श्वास शांत, पोट ठीक, डोके ताळ्यावर, आणि तरीही पाय उचलेनात, असा विचित्र अनुभव मी आधी कधीच घेतला नव्हता. शेवटचे चार किलोमीटर मी उतारावर चालत आले. सोमवारी पतसंस्थेचा जिना कठड्याला धरून उलट्या तोंडाने उतरले आणि खालच्या पानपट्टीवाल्याने "वहिनी, काही विसरलं का वर?" असे विचारले, तेव्हा हो म्हणून वेळ मारून नेली.

त्यामागचे कारण मी नंतर वाचून आणि विचारून समजून घेतले. चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत जोर लावतो; उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचा भार रोखून धरतो, म्हणजे ब्रेकचे काम करतो. या ब्रेकच्या कामात श्वास फारसा खर्च होत नाही, पण स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा मात्र जास्त होते, आणि तिचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जोरात जाणवते. दिलासा एवढाच की स्नायू हा मार एकदा खाल्ला की लक्षात ठेवतो; पुढचे काही आठवडे तसाच उतार पुन्हा केला तर इजा बरीच कमी होते. स्कूटरवरून उतरणाऱ्या माणसाच्या मांड्यांना यातले काहीच शिकायला मिळत नाही, हे उघड आहे.

एवढे कळल्यावर 2024 सोपे जायला हवे होते. पण कळलेली गोष्ट अंगात भिनायच्या आधीच तिचा अतिरेक करण्याची मला खोड आहे. मे महिन्यात मी आठवड्याचे अंतर अठ्ठावीस किलोमीटरांवरून तीन आठवड्यांत पंचेचाळीसवर नेले, आणि त्यात ज्योतिबाचा घाट वरून खाली, तोही पूर्ण वेगाने, आठवड्यातून दोनदा घातला. जूनच्या पहिल्या रविवारी त्या घाटातल्या गायमुखाच्या थोडे अलीकडे उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कोणी तापलेली सुई टोचावी तशी कळ आली. थांबले की ती जाई, धावायला लागले की ठरावीक अंतरानंतर नेमकी परत येई, आणि जिना चढताना काही नाही पण उतरताना हटकून. आपल्यापैकी अनेकांनी एव्हाना ओळखले असेल: आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या अंगाने गुडघ्यापर्यंत जाणाऱ्या पट्ट्याचे दुखणे. मी मात्र पाच आठवडे ते ओळखायला नकार दिला, गुडघ्याला पट्टा बांधून धावत राहिले आणि तीन आठवड्यांचे दुखणे तीन महिन्यांचे करून घेतले.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी गुडघ्याकडे फारसे पाहिलेच नाही. त्यांनी मला एका पायावर उभे राहून दुसरा पाय सावकाश पायरीखाली टेकवायला सांगितला आणि आरशात पाहायला लावले. माझे कंबरडे एका बाजूला ढळत होते आणि गुडघा आत वळत होता, पन्नास वेळा सांगूनही पटले नसते इतके स्पष्ट. "तुमचा खुब्याजवळचा स्नायू झोपलेला आहे आणि त्याचं काम गुडघ्याच्या कडेला करावं लागतंय," असे त्या म्हणाल्या. शिवाय रंकाळ्याला मी वर्षानुवर्षे एकाच दिशेने फेरी घालत आले होते. रस्ता कडेला थोडा उतरता असल्याने एक पाय नेहमी खालच्या पातळीवर पडत होता, ही बाबही त्यांनीच विचारून काढली. तेव्हापासून मी एक दिवसाआड उलटी फेरी घालते आणि समोरून येणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला त्याचे कारण सांगते.

सप्टेंबरपर्यंत गुडघा बरा झाला नव्हता. बिब, म्हणजे छातीवर लावायचा स्पर्धेचा क्रमांक, दुसऱ्याच्या नावावर करता येत नव्हता, तेव्हा पैसे गेले ते गेलेच. तरी आमच्या गटातले चौघे धावणार होते म्हणून मीही साताऱ्याला गेले आणि छत्री घेऊन घाटातल्या एका वळणावर उभी राहिले. खरे सांगायचे तर मला जायचे नव्हते. दुसऱ्याच्या लग्नात वाढप्याचे काम करावे तसे वाटत होते. धुक्यामुळे वीस-पंचवीस पावलांपलीकडचे काही दिसत नव्हते, त्यामुळे उतरणारे धावपटू दिसण्याआधी ऐकू येत. पुढच्या काही जणांचा आवाज जवळजवळ नव्हताच. ओल्या डांबरावर हलकीशी टपटप यायची आणि माणूस समोरून निघूनही गेलेला असायचा. तासाभराने आमच्यासारखे येऊ लागले तेव्हा आवाज बदलला. धप्, धप्, धप्. प्रत्येक पाऊल शरीराच्या बरेच पुढे पडत होते, टाच आधी आपटत होती, अंग मागे झुकलेले होते, आणि प्रत्येक जण वेगाला घाबरून स्वतःला अडवत होता. मी पापण्या मिटून नुसते ऐकत राहिले, आणि कोण कोणत्या वेळेत पोहोचणार याचा अंदाज मला केवळ आवाजावरून येऊ लागला. आमच्या गटातील एकाचे पाऊल तर मी धुक्यातूनच ओळखले आणि त्याने "अहो, मी दिसायच्या आधी हाक कशी मारलीत?" असे नंतर विचारले.

त्या दोन तासांचा उपयोग मला पुढच्या वर्षभराच्या सरावापेक्षा कमी झाला असे म्हणवत नाही. घरी आल्यावर वहीत एकच ओळ लिहिली होती: आवाज कमी करायचा.

2025 ची तयारी त्यामुळे दिसायला फार कंटाळवाणी होती. ऑक्टोबर ते जानेवारी मी आठवड्याला वीस किलोमीटरांच्या वर गेले नाही. रोज संध्याकाळी मागच्या दाराच्या पायरीवर उभे राहून एक पाय चार आकडे मोजत खाली टेकवायचा आणि वर घ्यायचा, प्रत्येक पायाचे पंधराचे तीन हप्ते. सासूबाई तिथेच भाजी निवडत बसलेल्या असत. पहिल्या आठवड्यात त्या काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या आठवड्यात "अगं, पायरी झिजेल" म्हणाल्या, आणि महिन्याभराने मी अकराव्यालाच थांबले तर "चार राहिले" असे न पाहता सांगू लागल्या. मार्चमध्ये एका संध्याकाळी त्यांनी निवडायची मेथी बाजूला ठेवून माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "आता कंबर हलत नाही तुझी." ही पावती मला फिजिओथेरपिस्ट बाईंच्या पावतीपेक्षा आधी मिळाली.

उतार मी मोजून मापून वाढवला. फेब्रुवारीत घाटाच्या तळाचा एकच किलोमीटर, एप्रिलमध्ये दोन, जूनमध्ये गायमुखापासून केर्लीपर्यंत. आणि दोन उतारांमध्ये किमान दहा दिवसांचे अंतर. रविवार हा ज्योतिबाचा वार असल्याने गाड्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत घाट सोडावा लागतो, म्हणून साडेपाचला सुरुवात करायची. तरीही उतरताना चढणारे भाविक भेटतच, "चांगभलं" म्हणून हात वर करत, आणि रस्त्यावर सांडलेल्या गुलालाने माझ्या बुटांचे तळ गुलाबी होऊन जात. त्या गुलालाचा एक अनपेक्षित फायदा झाला: घरी बूट उलटे करून पाहिले की पाय कुठे टेकतो ते कळे. मार्चपर्यंत टाचेची बाहेरची कड गडद असे. जुलैत रंग तळव्याच्या मध्यावर सरकला होता. पावले लहान आणि जलद टाकायची, शरीर रस्त्याला काटकोनात ठेवायचे, हात थोडे मोकळे सोडायचे, एवढेच तंत्र होते. उतारावर मिनिटाला 158 च्या आसपास पडणारी पावले हळूहळू 172 पर्यंत गेली. शेवटचा जोराचा उतार स्पर्धेच्या अठरा दिवस आधी केला, मांड्यांना आठवण राहील आणि दुखणेही सरेल अशा बेताने.

या काळात सगळे सुरळीत होते असे समजू नये. मे महिन्यात दोन आठवडे ताप होता. जुलैत संस्थेच्या लेखापरीक्षणामुळे सलग नऊ दिवस एक पाऊलही धावले नाही, आणि दहाव्या दिवशी उठावेसे वाटले नाही. अकराव्या दिवशीही नाही. त्या दिवसांत माझी जिद्द कामी आली असे लिहायला बरे वाटले असते, पण खरे म्हणजे रंकाळ्यावर ज्यांच्याबरोबर धावते त्या मैत्रिणीने पहाटे खालून गाडीचा हॉर्न वाजवला आणि शेजारी जागे होतील या धास्तीने मी खाली गेले.

स्पर्धेच्या दिवशी समर्थ मंदिरापर्यंत मला दोनशेएक जणांनी मागे टाकले असेल. चढावर मी ठरवून हळू राहिले, तीन ठिकाणी चाललेही. वळणावर घड्याळ पाहिले तर 2023 पेक्षा सव्वा मिनिटाने मागे होते, आणि क्षणभर वाटले की वर्षभर पायरी झिजवली ती फुकटच. मग उतार लागला. घाटाच्या पहिल्या वळणावर मी माझ्या पावलांचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला आणि तो शेजारच्या धावपटूच्या आवाजाखाली दबून गेलेला होता. त्याच जागी, जिथे गेल्या वर्षी छत्री घेऊन उभी होते, तिथून मी किलोमीटरला सहा मिनिटांच्या आतल्या वेगाने गेले. थरथर शेवटी आलीच, पण शहरात शिरल्यावर, शेवटच्या दीड किलोमीटरला. डाव्या पायाच्या अंगठ्याचे नख काळे पडले, कारण बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट बांधायची मी या वेळीही विसरले; उतारावर पाय बुटात पुढे सरकतो हे मी इतरांना सांगते, स्वतः पाळत नाही.

सोमवारी जिना सरळ तोंडाने उतरले, सावकाश आणि कठड्याला हात लावून.

पुढच्या वर्षीसाठी आता चढाची 1:28:40 ही वेळ डोळ्यांत खुपते आहे. मांड्या उताराला पुरतील एवढे राखून चढावर किती जोर लावता येईल, याचा अंदाज मला अजून आलेला नाही. त्यासाठी केर्लीहून वर आणि लगेच खाली, मध्ये न थांबता, अशी आवर्तने डिसेंबरपासून महिन्यातून एकदा करून पाहणार आहे. नवऱ्याला स्कूटर आणू नको म्हणून सांगितले आहे. ज्यांनी घाटाच्या स्पर्धेत चढ आणि उतार यांच्या वेळा वेगवेगळ्या नोंदवल्या असतील त्यांनी त्या जरूर कळवाव्यात, विशेषतः चाळिशीनंतर धावायला लागलेल्यांनी. नख अजून गळलेले नाही.