मोपा विमानतळावरून पणजीत कसं जायचं : माझा अनुभव

दिवाळीनंतर सोयाबीन विकून झालं, कापसाचा पहिला वेचा घरात आला की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट-समुद्रपूर भागातल्या लोकांना गोवा आठवतो. आगगाडीनं गेलं तर दिवस मोडतो. नागपूरहून थेट विमान मिळालं तर साधारण दीड तासाचं काम. विमानाच्या तिकिटाची, सामानाच्या वजनाची, खिडकीच्या जागेची चौकशी लोक महिनाभर करतात; उतरल्यावर पणजीत जायचं कसं, हे मात्र उतरल्यावरच बघतात. मग टॅक्सीचं भाडं ऐकून तिथंच तोंड उतरतं. नातलगांना आणि गावातल्या लोकांना या रस्त्यानं न्यायचं-आणायचं काम माझ्याकडेच येतं, म्हणून त्यातलं कामाचं तेवढं सांगतो.

आधी तिकीट नीट वाचा. गोव्यात विमानतळ दोन आहेत. दक्षिणेला वास्कोजवळ दाबोळी, उत्तरेला पेडणे तालुक्यात मोपा. तिकिटावर कधीकधी दोन्हींपुढे ‘गोवा’च लिहिलेलं असतं. फरक कळतो तो तीन अक्षरांच्या कोडवरून : दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स. दाबोळी हा नौदलाचाही तळ. त्यांच्या सरावासाठी प्रवासी विमानांच्या वेळांवर तिथं बंधनं असतात, आणि नव्या विमानतळाची गरज पडण्यामागं हेही एक कारण होतं. मोपाला मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं उतरू लागली. दोन विमानतळांत साठ किलोमीटरांहून जास्त अंतर आहे, म्हणजे हॉटेल बुक करायच्या आधीच कोड पाहिलेला बरा. कोलवा, बाणावली, पाळोळे अशा दक्षिणेकडच्या ठिकाणी राहायचं असेल तर दाबोळी जवळ. हरमल, मांद्रे, मोरजी, कळंगुट या बाजूला जायचं तर मोपा. पणजी मधे पडते. दाबोळीहून तीसेक किलोमीटर, मोपाहून पस्तीसच्या आसपास. पुढचं सगळं मोपाबद्दल आहे.

मोपा सड्यावर आहे. सडा म्हणजे वर सपाट, जांभा दगडाचं पठार. आजूबाजूला शहर नाही, बाजार नाही, गेटबाहेर ऑटोवाल्यांची रांग नाही. आपल्याकडं महामार्गावरच्या जाम गावच्या चौरस्त्यावर उतरलं तरी गावात जायला पुढचं साधन शोधावं लागतं, तसंच हे समजा. विमानानं फाट्यापर्यंत सोडलं, गाव अजून पुढंच आहे. ‘बाहेर जाऊ, रस्त्यावर काही ना काही मिळेल’ हा आपला नेहमीचा हिशेब इथं चालत नाही. विमानतळापासून धारगळला राष्ट्रीय महामार्ग ६६ वर पोचायला सुमारे सात किलोमीटरचा सहापदरी जोडरस्ता आहे. जुलै २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन नितीन गडकरींनी केलं, म्हणजे तिथंही नागपूर आधी पोचलेलं आहेच. गाडीला हा रस्ता झकास, पण बॅगा घेऊन पायी चालायचा नाही.

ओला-उबर गोव्यात चालत नाही. मोबाइलमध्ये ॲप असलं तरी गाडी दिसणार नाही. तिथल्या टॅक्सीवाल्यांच्या संघटना मजबूत आहेत, बाहेरच्या ॲपला त्यांनी पाय ठेवू दिलेला नाही. सरकारी पाठबळावर चालणारं ‘गोवा माइल्स’ हे ॲप आहे, तेही या लोकांना खुपतं. टॅक्सी घ्यायचीच असेल तर आगमनाच्या बाजूच्या काउंटरवर जायचं, ठिकाण सांगायचं, भाडं ठरवून पावती घ्यायची आणि पावतीवरच्या नंबरच्या गाडीतच बसायचं. बाहेर कोणी ‘चला साहेब, कमी करून देतो’ म्हणाला तरी पावतीशिवाय बसू नये. रस्त्यात एसीचे वेगळे, सामानाचे वेगळे असं सुरू झालं तर दाखवायला हातात कागद नसतो. पणजीपर्यंत टॅक्सीला हजाराच्या वरच पैसे लागतात. रात्री आणखी. चार माणसं आणि सामान असेल तर ते परवडतं. एकटा-दुकटा माणूस असेल, हातात एक बॅग असेल, तर उगाच कशाला?

माझी पसंती बसला. गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाचं नाव कदंब, लोक ‘केटीसी’ही म्हणतात. मोपाहून पणजी, म्हापसा, कळंगुट, मडगाव या बाजूंना त्यांच्या विजेवर चालणाऱ्या एसी बस आहेत. माणशी भाडं शंभरांच्या हिशेबात, टॅक्सीसारखं हजारांच्या नाही. बॅगा पट्ट्यावरून घेतल्या की चहाच्या नादी न लागता आधी कदंबचं काउंटर गाठायचं आणि दोनच गोष्टी विचारायच्या : पुढची पणजीची बस कधी आणि ती म्हापशात थांबते का. बस विमानाच्या वेळेप्रमाणं नाही, आपल्या वेळापत्रकाप्रमाणं सुटते. विमानाला अर्धा तास उशीर झाला की बस निघून गेलेली असू शकते आणि पुढची यायला बराच वेळ लागू शकतो. म्हणून घरूनच कदंबच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचं वेळापत्रक बघून ठेवावं. उतरायच्या वेळेपासून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुढं धरायची आणि त्यानंतरची बस आपली समजायची. दार उघडायला, चालत यायला, बॅग यायला तेवढा वेळ जातोच. पट्ट्यावरची बॅग नसेल, नुसती सात किलोची हातातली असेल, तर वीस मिनिटांत बाहेर पडता येतं आणि कितीदा तरी आधीची बस सापडते. दोन-तीन दिवसांच्या मुक्कामाला पंधरा किलो सामान लागतं तरी कशाला?

खिशात पाचशेच्याच नोटा ठेवू नका. यूपीआय चालतं, पण ऐन वेळी नेटवर्क गेलं तर कंडक्टर मोड कुठून आणणार? बोलायची अडचण नाही. पेडण्याकडची बोली मालवणीच्या जवळची, मराठी सगळ्यांना कळते. आपलं वऱ्हाडी ऐकून फार तर हसतील. ‘दादा, पणजी जाईल का?’ एवढं पुरतं.

रस्ता असा : मोपा, धारगळ, शापोरा नदीवरचा कोलवाळचा पूल, म्हापसा, गिरी, पर्वरी, मांडवीचा पूल आणि पूल उतरताच पणजीचा कदंब स्टँड. मोकळा असेल तर तासाभराचा. पण पर्वरीला उड्डाणपुलाचं काम निघालं तेव्हापासून तिथं गाड्या तुंबण्याचा अनुभव घेतलेला आहे. संध्याकाळी पाच ते आठमध्ये तर हमखास. नाताळ ते एक जानेवारी आणि फेब्रुवारीतल्या कार्निव्हलच्या दिवसांत तासाचे दोन तास होतात. तेव्हा बस काय आणि टॅक्सी काय, दोन्ही एकाच रांगेत उभ्या.

कुठं उतरायचं हे मुक्कामावर ठरतं, आणि ‘गोवा म्हणजे पणजी’ असं धरून चालणाऱ्यांचा इथंच घोळ होतो. कळंगुट, बागा, हणजूण या बाजूला हॉटेल असेल तर पणजीपर्यंत जाऊच नये, म्हापशात उतरावं. तिथल्या स्टँडवरून खासगी लहान बस सुटतात, कळंगुट दहाएक किलोमीटर. बसच्या दारात उभा असलेला पोऱ्या गावाचं नाव ओरडत असतो, ते ऐकून चढायचं. हरमल, मांद्रे, मोरजीला जाणाऱ्यांनी म्हापशालाही जायची गरज नाही. ही गावं पेडणे तालुक्यातलीच आहेत, तिथं तीन-चार जणांनी मिळून टॅक्सी केलेली बरी. या खासगी बस रात्री आठनंतर विरळ होतात. विमान रात्री उतरणारं असेल तर बसचा विचार सोडा, टॅक्सीचे पैसे वेगळे काढून ठेवा किंवा हॉटेलवाल्याला गाडी पाठवायला सांगा. भाडं मात्र फोनवरच ठरवून घ्या.

विमानतळाची बस चुकली, पुढचीला फार वेळ आहे आणि पूर्ण टॅक्सी परवडत नाही, तर मधला मार्ग आहे. टॅक्सी फक्त महामार्गापर्यंत किंवा पेडण्यापर्यंत करायची. सावंतवाडी-बांद्याकडून म्हापसा-पणजीला जाणाऱ्या बस याच महामार्गानं जातात. त्यांत कदंबच्या असतात, आपल्या महाराष्ट्राच्या एसटीही असतात. परक्या मुलखात लाल गाडी दिसली की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू! पण सोबत म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर हा खटाटोप करू नका. उन्हात, बॅगांसकट, बस थांबेल की नाही या चिंतेत उभं राहावं लागतं. आपण नागपूरचं ४५ अंशांचं ऊन सोसतो, पण ते कोरडं. तिथं पस्तिशीच्या आतच घामानं अंगातली ताकद जाते. पाण्याची बाटली हातात हवीच.

पणजी स्टँड शहराच्या पूर्व टोकाला, पाटो भागात आहे. मळा, फोंताइन्यश इकडं राहायला असाल तर ओढा ओलांडून पायी जाता येतं. चर्च, अठरा जून रस्ता या बाजूला सामान कमी असेल तर पायी, नाहीतर ‘पायलट’. पायलट म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, पिवळ्या-काळ्या रंगाची, परवाना असलेली. एकट्या माणसाला यासारखं सोपं वाहन नाही. पाठीवरची बॅग चालते, चाकांची मोठी नाही. भाडं बसायच्या आधी ठरवायचं. रिक्षा आहेत, पण त्यांना मीटर दाखवून उपयोग नाही. रक्कम विचारा, जास्त वाटली तर पुढच्याला विचारा.

पणजीत उतरून समुद्र शोधणारे पुष्कळ भेटतात. स्टँडजवळ आणि जेटीवर दिसते ती मांडवी नदी. कॅसिनोची जहाजं उभी असतात तीही नदीतच. समुद्राची वाळू पाहायची तर मिरामार, शहराच्या मध्यापासून तीनेक किलोमीटर. तिथून पुढं दोनापावला. शहर बस दोन्हीकडं जाते. नदीपलीकडं बेतीला राहायचं असेल तर फेरीबोट आहे आणि पायी माणसाला ती फुकट आहे.

भाड्यानं ॲक्टिव्हा घेणार असाल तर नंबर प्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्यानं देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात देणारे भेटतात. पोलिसांनी अडवलं की दंड तुमच्या खिशातून जातो आणि गाडीवाला फोन उचलत नाही. पर्वरीहून येताना मांडवीवर तीन पूल समांतर दिसतात. त्यांतल्या सगळ्यात उंच, तारांच्या पुलावर, म्हणजे अटल सेतूवर, दुचाकी न्यायची नाही. खालच्या पुलानं जायचं.

मंगेशी, शांतादुर्गेला जायचं म्हणून बायका घरून ओटीचं सामान घेऊन निघतात. त्यात सुक्या खोबऱ्याच्या वाट्या ठेवू नका. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते पेट घेतं, म्हणून विमानात चालत नाही. नागपूरलाच बॅग उघडून काढायला लावतात. नारळाची कमतरता गोव्यात नाही, ओटी तिथंच घ्या. फोंड्याच्या बाजूला जाणाऱ्या बस याच पणजी स्टँडवरून सुटतात.

परतीला चूक होते ती पाटी न वाचल्यानं. पणजीहून दोन्ही विमानतळांकडं बस जातात, नुसतं ‘एअरपोर्ट’ ऐकून चढलात आणि बस दाबोळीला निघाली तर विमान गेलंच समजा. ‘मोपा’ शब्द वाचायचा आणि कंडक्टरला विचारून खात्री करायची. देशांतर्गत विमानाला बॅगा घेणारं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. त्याच्या मागं रस्त्याचा एक तास, पर्वरीचा अर्धा-पाऊण तास आणि एक बस चुकण्याची सवलत धरा. दुपारी तीनचं विमान असेल तर मी अकराची बस धरतो. मोपाला तासभर बसून राहावं लागलं तरी चालतं. पावसाळ्यात सड्यावर ढग उतरले की विमानांचं वेळापत्रक तसंही हलतं.

गोव्याची बाटली बॅगेत टाकायचा मोह होणाऱ्यांना एकच सांगणं आहे. सीलबंद बाटली पट्ट्यावरच्या सामानातून नेऊ देतात, पण विमान कंपनीची परवानगी वेगळी आणि महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याची वेगळी. त्यात आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. विमानतळावर सुटलात तरी जिल्ह्याच्या हद्दीत शिरल्यावर तपासणीत अडकाल. काजू घ्या, कोकम घ्या.

नागपूरला दिवसा उतरलात तर गणेशपेठ स्टँडपर्यंत उलटं जाऊ नका. हिंगणघाट आणि वर्ध्याकडच्या एसटी वर्धा रोडनंच जातात, विमानतळाच्या चौकाशी थांबून हात दाखवा. रात्री उशिरा उतरणार असाल तर मात्र शेवटच्या गाडीची वेळ आधीच डेपोत विचारून ठेवा, नाहीतर बुटीबोरीपर्यंत कोणाला तरी गाडी घेऊन बोलवा.