लेलंट ते सेंट मायकल्स माउंट : क्रूसांच्या वाटेने

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमधील ‘सेंट मायकल्स वे’ ही यात्रेची वाट लेलंट येथील सेंट यूनी चर्चपासून निघते आणि सुमारे २० किलोमीटरनंतर दुसऱ्या किनाऱ्यावरील सेंट मायकल्स माउंट या बेटाला पोचते. आयर्लंड व वेल्सहून गलबतांनी येणारे यात्रेकरू लँड्स एंड या पश्चिम टोकाचा धोकादायक वळसा टाळण्यासाठी उत्तर किनाऱ्यावर उतरत आणि द्वीपकल्प पायी ओलांडत, असे सांगतात. शिंपल्याच्या (यात्रेकरूंच्या जुन्या चिन्हाच्या) खुणा असलेली आजची वाट मात्र १९९४ साली आखलेली आहे.

लेलंटच्या चर्चच्या आवारातून माझा पाय लवकर निघाला नाही. तेथील मध्ययुगीन क्रूस ग्रॅनाइटचे आहेत. या मुलखातल्या क्रूसाची ठेवण अशी की आखूड, जाड दांड्यावर गोल डोके असते आणि चारही भुजा त्या गोलातच कोरलेल्या असतात. ग्रॅनाइट छिन्नीला सहजासहजी दाद देत नाही, त्यामुळे कोरीवकाम मुळातच उथळ. त्यातून शतकानुशतकांचा पाऊस व खारा वारा यांनी ते इतके झिजते की तिरपे ऊन पडल्याशिवाय रेषा उमटत नाहीत.

कॉर्नवॉलमध्ये चर्चच्या आवारात दिसणारे कित्येक क्रूस मूळचे तेथले नाहीत. ते माळरानावर आणि चर्चकडे जाणाऱ्या पायवाटांवर दिशा दाखवत उभे होते. पुढे धर्मसुधारणेच्या, म्हणजे सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट पंथ रुजला त्या काळात त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, १६४३ साली पार्लमेंटने क्रूस हटवण्याचा आदेशच काढला, आणि घडीव दगड म्हणून अनेकांची रवानगी फाटकाच्या खांबांत किंवा ओढ्यावरच्या साकवांत झाली. एकोणिसाव्या शतकात काही हौशी धर्मगुरूंनी ते हुडकून आवारात आणले. दगड वाचले हे खरेच, पण वाट दाखवण्याचे त्यांचे काम सुटले.

वारीत दिंडीमागून चालताना वाट शोधावी लागत नाही. येथे गोल्फच्या मैदानातून (चेंडूंकडे लक्ष ठेवत) जाताना आणि पुढे उंच बांधांमधून वळणे घेताना ती पदोपदी शोधावी लागली. ट्रेनक्रॉम टेकडीवरून दोन्ही किनारे एकदम दिसले, तेव्हाच दिशेची खात्री पटली.

ओहोटीला उघडा पडणारा फरसबंद रस्ता ओलांडून माउंटवर चढल्यावर पंधराव्या शतकातला कंदिलाच्या आकाराचा क्रूस पाहिला. त्याच्या कोनाड्यांमध्ये मूर्ती आहेत आणि कारागिरी निःसंशय सरस आहे. तरीही मला लेलंटचे ओबडधोबड दगडच अधिक आवडले.