तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःच्या गाडीनं नेपाळ

नेपाळहून आल्यापासून एकच प्रश्न वारंवार येतो. लग्नात, बँकेच्या रांगेत, फोनवर. "स्वतःच्या गाडीनं परदेशात जाता येतं का? आणि विमान असताना एवढा खटाटोप कशाला?" दरवेळी घाईत अर्धवट सांगते, म्हणून आज नीट लिहिते.

जाता येतं. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. गाडीला मात्र कागद लागतात. सीमेवर 'भन्सार' करावा लागतो, म्हणजे तिकडच्या जकात खात्याची रोजाप्रमाणे पैसे भरून घ्यायची पावती. शिवाय वाहतूक खात्याचा परवाना वेगळा. किती दिवस राहणार ते आधीच सांगायचं, कारण एक दिवस जरी जास्त झाला तरी दंड भरावा लागतो. विम्याचंही घरूनच बघा. आपल्या पॉलिसीत नेपाळ आपोआप धरलेला नसतो, थोडा जादा हप्ता भरून तो जोडून घ्यावा लागतो.

आम्ही २०२३च्या ऑक्टोबरमध्ये गेलो. मी, नवरा आणि माझे वडील. आप्पांनी उभा जन्म एसटीत काढला, पसरणी आणि आंबेनळी घाटात त्यांची हयात गेली. वाईहून निघालो आणि धुळे, इंदूर, झाशी, लखनौ करत, चार मुक्काम टाकून गोरखपूर गाठलं. तिथून सीमेवरचं सोनौली शंभरेक किलोमीटर. अलीकडे ट्रकांची रांग लागली, ती संपेचना. आप्पा काच खाली करून एकेका ड्रायव्हरला विचारत होते, "किती दिवस झाले इथं?"

माझी सगळ्यात मोठी चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. गाडी भावाच्या नावावर होती आणि भाऊ घरी. त्यानं साध्या कागदावर संमती लिहून दिली होती, ती चालेना. एका दलालानं 'सगळं करून देतो' म्हणून दीड हजार घेतले आणि तो गर्दीत दिसेनासा झाला. त्यात नेमका दसरा. तिकडे दशैंची सुट्टी, त्यामुळे खिडकीवर माणसं मोजकी. भावाचं ओळखपत्र मागव, त्याच्या सहीचं पत्र मागव, प्रिंट काढ, परत रांगेत उभी राहा. वर शंभराच्या वरच्या भारतीय नोटा तेव्हा तिकडे चालत नव्हत्या आणि आप्पांच्या खिशात सगळ्या पाचशेच्या. पाच तास गेले. मला रडू येत होतं ते पैशासाठी नव्हे. आप्पा उन्हात एका कठड्यावर बसून होते आणि एका शब्दानं तक्रार करत नव्हते, म्हणून.

फाटक ओलांडलं तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते घड्याळाचं. नेपाळचं घड्याळ आपल्या पंधरा मिनिटं पुढे. "पाऊण तास, अर्धा तास कळतो, पण पाव तासाचा फरक?" असं म्हणत त्यांनी काटा सरकवला. आणि मग पाट्या वाचायला लागले. परदेश, पण लिपी आपली. पोलिसांच्या पाटीवर 'प्रहरी', खाजगी गाड्यांना लाल नंबरप्लेट आणि तिच्यावर पांढरी देवनागरी अक्षरं. इंग्रजी पाटी आली की आप्पा नेहमी गप्प होतात. इथे मोठ्यानं वाचत होते.

वर डोंगरातल्या तानसेन गावी मुक्काम ठरला होता, पण उशीर झाला. अंधारात अनोळखी घाट चढायचा नाही हा आप्पांचा नियम, म्हणून बुटवलला एका छोट्या लॉजवर थांबलो. खाली घरातली माणसं टीका लावत बसली होती. दही, तांदूळ आणि कुंकू कालवून कपाळभर लावतात. घरातली आजी आप्पांपेक्षा बरीच मोठी असावी. तिनं आम्हालाही हातानं खुणावून बसवलं. आप्पांच्या कपाळाला टीका लावला, आणि परडीतून पिवळी, लांब, लवलवती रोपं उपटून त्यांच्या कानामागे खोचली. जवाची होती ती. जमरा म्हणतात. घटस्थापनेला पेरायची आणि ऊन लागू द्यायचं नाही, म्हणून पिवळी राहतात.

आप्पांनी एक काडी बोटांत धरून दिव्याकडे नेली. "हे तर घटाचं धान," म्हणाले. घरी वहिनीनं घट बसवले होते आणि दसऱ्याला टोपीत धान खोचायला आपण नाही, याची त्यांना चार दिवस रुखरुख होती. मग त्यांनी कानामागची रोपं काढून टोपीत खोचली, आपल्याकडे खोचतात तशी. आजीला ते फार आवडलं. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी लांबलचक आशीर्वाद दिला आणि दहाची नोट हातात कोंबली. तिकडे मोठ्यांनी धाकट्यांना दक्षिणा द्यायची रीत आहे. आप्पा अडुसष्ट वर्षांचे. त्यांच्या डोक्यावर हात ठेवणारं आमच्या घरात आता कुणी उरलेलं नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता विमानाचं उत्तर. विमानानं गेलो असतो तर काठमांडू पाहिलं असतं, बुटवलच्या त्या आजी भेटल्या नसत्या.

पुढचं थोडक्यात. बुटवल ते पोखरा हा सिद्धार्थ महामार्ग वळणावळणाचा आणि देखणा आहे, पण दिवसभर धरून चाला. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हे तिकडेही पाळतात, आप्पांना त्याचं फार समाधान वाटलं. नारायणघाटचा रस्ता तेव्हा रुंदीकरणासाठी उकरलेला होता आणि धुळीनं जीव नकोसा झाला. लुंबिनीला अशोकस्तंभापाशी पांढऱ्या साड्यांतल्या बायका अस्सल मराठीत बोलताना ऐकल्या, नागपूरहून बसनं आल्या होत्या.

भन्सार आठ दिवसांचा काढला होता, सातव्या दिवशी परत सोनौलीला आलो. मी पावती खिडकीत दिली. आप्पांनी घड्याळ पाव तास मागे घेतलं आणि म्हणाले, "एक दिवस शिल्लक होता ना? मग पोखऱ्यालाच राहायचं होतं की."