खाडीपलीकडचे अंगण

घर पाहून झाले, टेप गुंडाळून पिशवीत गेली आणि चहाचा कप हातात आला, की घरमालक हमखास एक प्रश्न विचारतात. ‘साहेब, तुम्ही एवढी घरे पाहिलीत. पैशाची, नोकरीची, मुलांच्या शाळेची अडचण नसती आणि जगात कुठेही राहायला जाता आले असते, तर तुम्ही कुठे गेला असतात?’ गृहकर्ज देण्यापूर्वी बँका घराची किंमत ठरवून घेतात. ते काम मी ठाण्यात राहून एकतीस वर्षे करीत आहे, आणि या काळात चार हजारांहून अधिक घरांत माझी टेप पडली आहे. तेव्हा विचारणाऱ्याची अपेक्षा अशी असते, की मी स्वित्झर्लंड म्हणेन, निदान पाचगणी तरी म्हणेन. मी ‘बेलापूर’ म्हणतो. ‘कोणते बेलापूर?’ असा पुढचा प्रश्न येतो आणि नवी मुंबईतलेच हे कळल्यावर बहुतेकांचा चेहरा उतरतो. साऱ्या जगाची मुभा असताना हा गृहस्थ ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्सहार्बरच्या गाडीने पाऊण तासाच्या आत पोचता येईल तिथे थांबला, हे त्यांना पटत नाही. चहा संपेपर्यंत याचे कारण सांगून होत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

परदेशाचा विचार मी फार केलेला नाही. भाच्याकडे टोरांटोला एका डिसेंबरात तीन आठवडे राहिलो. घर उबदार होते, माणसे प्रेमळ होती, पण चप्पल पायात सरकवून बाहेर पडता येत नव्हते, आणि ते ज्या गावात जमत नाही तिथे मी पाहुणाच राहणार. पुण्याविषयी मी काही लिहिणार नाही, कारण ते माझ्या पत्नीचे माहेर आहे.

कोकणाचा विचार मात्र मनापासून केला. देवरुखजवळ आमचे जुने घर आहे, गणपतीत उघडते आणि गौरीविसर्जनानंतर आठवडाभरात बंद होते. एका वर्षी मी तिथे जूनपासून सलग अडीच महिने राहून पाहिले. पावसाचे वर्णन मी करीत बसत नाही. वानरांनी पडवळाचा मांडव दोनदा उतरवला आणि भाजी करण्याची माझी हौस संपली, हेही सोसण्यासारखे होते. पण रात्री छातीत दुखू लागले तर रत्नागिरी गाठायची, आणि तीही कोणाची तरी गाडी मिळाली तर, हे गणित पन्नाशीनंतर झोप लागू देत नाही. शिवाय ज्या वाडीसाठी तिथे जायचे, ती वाडीच मुंबई-ठाण्यात येऊन राहिली आहे. अकरा घरांपैकी तीन घरांतून संध्याकाळी दिवा दिसायचा.

माझ्या कामाचा एक छापील नमुना असतो. मंजूर नकाशा आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती, इमारतीचे वय किती आणि उरलेले आयुष्य किती, रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी तक्त्यातला, दर काय, आजूबाजूचे व्यवहार कोणत्या भावाने झाले, असे त्याचे रकाने आहेत. बिल्डरांवर देखरेख ठेवणारे महारेरा प्राधिकरण आल्यापासून, म्हणजे २०१७ नंतर, नव्या घरांची विक्री चटई क्षेत्रावर होऊ लागली आणि जिना-लिफ्टसारखी सामाईक जागाही घरात धरणाऱ्या सुपर बिल्टअप नावाच्या फुगवट्याशी चालणारी माझी भांडणे बरीच कमी झाली. हे रकाने खोटे नाहीत. परंतु त्याच घरात पाच वर्षांनी दुसऱ्या कर्जासाठी पुन्हा जाण्याची वेळ येते, तेव्हा लोक ज्याविषयी बोलतात त्यातले जवळजवळ काहीच या रकान्यांत नसते. घोडबंदर रस्त्याला वाघबिळाच्या पुढे बाविसाव्या मजल्यावर येऊरच्या डोंगराकडे तोंड असलेले एक घर मी दोनदा मोजले आहे. पहिल्या वेळी घरमालकांनी मला आधी खिडकीपाशी नेले. डोंगर खरोखरच खिडकीत येऊन उभा होता आणि त्या देखाव्याचे पैसेही त्यांनी मोजले होते. दुसऱ्या वेळी ती खिडकी बंद होती, कारण खाली चालणारे बांधकाम आणि रात्रभर जाणारे ट्रक यांची धूळ पडद्यांवर बसत होती; आणि ते बोलले ते लिफ्टविषयी, जी मागच्या पावसाळ्यात पाच दिवस बंद पडल्यामुळे त्यांच्या वडिलांना सबंध पाच दिवस पाय जमिनीला लावता आला नव्हता. याउलट चरईतल्या एका चाळीत तळमजल्यावरच्या खोलीला मी अगदी कमी किंमत लावली होती, कारण पावसात उंबऱ्यापर्यंत पाणी येई आणि तसे डाग भिंतीवर स्पष्ट होते. त्या खोलीतल्या आजी मला म्हणाल्या, ‘पाणी दोन दिवस येतं रे बाबा, माणसं बारा महिने येतात.’ हे वाक्य मला कोणत्याच रकान्यात लिहिता आले नाही. किंमतही वाढवता आली नाही, आणि वाढवायला नकोच होती. बँकेला माणसे तारण ठेवता येत नाहीत.

ठाण्याविषयी माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर आमच्या नौपाड्यातून बाहेर पडणे कठीण होईल. मासुंदा तलावाभोवती संध्याकाळी एक फेरी मारावी, कोपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडावेत, जांभळी नाक्यावर भाजी घ्यावी, मराठी ग्रंथसंग्रहालयात पुस्तक बदलावे आणि वाटेत गडकरी रंगायतनावर शनिवारच्या नाटकाची पाटी वाचावी, हे सर्व पायी तासाभरात होते. १८९३ साली स्थापन झालेले ग्रंथालय आणि १९७८ पासून चालणारे नाट्यगृह चालत जाण्याच्या अंतरावर असावे, हे भाग्य मुंबईच्या कितीतरी श्रीमंत वस्त्यांना लाभलेले नाही. पण ठाण्याचे भाग्य पहिल्यापासून रेल्वेला बांधलेले आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्याला येऊन थांबली, ही गोष्ट ठाणेकर आलेल्या-गेलेल्याला अभिमानाने सांगतात, आणि मग रोज सकाळी त्याच मार्गाने उलट दिशेला लटकत जातात. येथे लोक राहायला आले ते गाडीसाठी. घर मोठे की लहान, उजेडाचे की अंधाराचे, हा विचार दुय्यम राहिला. मी स्वतः अठ्ठेचाळीस वर्षे तिसऱ्या मजल्यावर राहिलो आहे आणि माझ्या मालकीची जमीन म्हणजे सज्जातल्या तुळशीच्या कुंडीतली माती, एवढीच आहे.

बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज मी पहिल्यांदा पाहिले ते १९९६ साली, कर्जाच्याच कामासाठी. सेक्टर ८ मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी ही वसाहत आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळासाठी वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी तिचा आराखडा केला आणि १९८०च्या दशकाच्या मध्यास ती उभी राहिली. याच कोरियांची मुंबईतल्या कंबाला हिलवरची कांचनजंगा ही उंच इमारत १९८३ मध्ये पुरी झाली, तेव्हा एकाच काळात हा मनुष्य श्रीमंतांना आभाळात अंगणे बांधून देत होता आणि बेतास बात पगाराच्या लोकांना जमिनीवर. मला त्या दिवशी यातले काही ठाऊक नव्हते. हातात घराचा क्रमांक होता आणि तो सापडत नव्हता, कारण रांगा नव्हत्या. सात-सात घरे एका लहानशा चौकाभोवती बसवली होती. तो चौक मी टेप लावून मोजला, सुमारे आठ मीटर लांब आणि तितकाच रुंद भरला. अशा तीन चौकांचा मिळून एक गट होतो, त्याच्या मध्ये याहून थोडी मोठी मोकळी जागा राहते, आणि गटांचे गट ओहोळाच्या कडेने पसरत जातात. कोकणातली वाडी कोणीतरी कागदावर नीट मोजून पुन्हा मांडावी, तसा तो प्रकार होता. पत्ता विचारायला मी ज्या चौकात शिरलो तिथल्या तीन दारांतून एकाच वेळी तीन बायका बाहेर आल्या. एका अनोळखी माणसाची इतकी तत्पर चौकशी माझ्या व्यवसायात क्वचितच होते.

वसाहतीचा नकाशा नंतर मिळवून वाचला, तेव्हा दोन गोष्टी विशेष वाटल्या. एक म्हणजे तिथले भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटर एवढ्याच पट्ट्यातले आहेत. सर्वांत कमी मिळकतीच्या आणि त्यातल्या त्यात बऱ्या मिळकतीच्या कुटुंबाच्या जमिनीत दुपटीचेही अंतर नाही. दुसरी गोष्ट अशी, की कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. विटांच्या भिंती आणि उतरते कौलारू छप्पर असे साधे घर मिळाले, आणि पुढे हाताशी पैसा येईल तसे शेजाऱ्याला न विचारता ते वाढवता यावे, अशी तजवीज मुळातच होती. सामाईक भिंतीवरून झालेले इतके खटले मी पाहिले आहेत, की ही दुसरी गोष्ट काढणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

ज्यांनी अलीकडे ती वसाहत पाहिली आहे, त्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. लोकांनी घरे वाढवली, आणि कशी वाढवली हे पाहून वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना वाईट वाटते. कौले गेली, स्लॅब आले, दोन-तीन मजले चढले, काही चौकांत दुपारीसुद्धा ऊन पोचत नाही आणि मोटारींसाठी नसलेल्या वाटांवर मोटारी उभ्या आहेत. हे सगळे खरे आहे. घर वाढावे म्हणूनच ते बांधले होते, तेव्हा ते वाढल्याबद्दल रडण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे. चौक मात्र अजून चौक आहेत, कारण त्यावर एकट्याची मालकी सांगता येत नाही. डोंगराखालची ओल मोठी आहे. जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याची आहे, त्यामुळे घर विकताना-घेताना ना हरकत दाखला आणि हस्तांतराचे शुल्क चुकत नाही. एवढे दोष मी स्वतःच्या लेखणीने अहवालात नोंदवले आहेत.

यापेक्षा मोठा दोष त्या एका वसाहतीचा नाही, सबंध नवी मुंबईचा आहे. प्रविणा मेहता, शिरीष पटेल आणि कोरिया यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना १९६५ मध्ये मांडली, मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि ज्यांच्या भातखाचरांवर व मिठागरांवर हे शहर उभे राहायचे होते त्या पंचाण्णव गावांतल्या आगरी-कोळ्यांना याविषयी कोणी विचारले नव्हते. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यानंतर कितीतरी खेपा घातल्यावर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. दिवाळे गावातले एक कोळी आजोबा मला एकदा म्हणाले होते, ‘तुमी घराची किंमत काढता, आमच्या शेताची कोनी काढली व्हती?’ उत्तर असे, की काढली होती, फार कमी काढली होती, आणि ती काढणारा माझ्यासारखाच कोणी टेप घेऊन आलेला मनुष्य असणार. बेलापूरला राहायला जाईन म्हणताना ही गोष्ट मी विसरत नाही. ती आठवून बेत बदलतो, असे मात्र नाही.

तर मग बेलापूरच का? मला घराच्या दारातून सरळ जमिनीवर पाय ठेवायचा आहे, आणि दार उघडल्याबरोबर सहा घरांना ते उघडल्याचे कळावे, अशी माझी इच्छा आहे. कोकणात पहिली गोष्ट मिळते, दुसरी आता मिळत नाही. घोडबंदरच्या टोलेजंग इमारतीत दोन्ही नाहीत. नौपाड्यात दुसरी आहे, पहिली नाही. आणि आठवड्यातून एकदा ट्रान्सहार्बरची गाडी पकडून मला ठाण्यातले पुस्तक बदलता आले पाहिजे. २००४ पूर्वी ही गाडी नव्हती. त्या वेळी मला कोणी हा प्रश्न विचारला असता, तर मी बहुधा दुसरे काही सांगितले असते.

पत्नीचे मत निराळे आहे. सहा घरांना दार उघडल्याचे कळावे, ही इच्छा फक्त पुरुषाला होऊ शकते, असे तिचे म्हणणे आहे. बाईच्या दारात कोण आले, किती वेळ बसले आणि दळण कोणत्या दिवशी आणले, हे सहा घरांना कळू लागले की अंगणाचा जाच होतो. ती चाळीत वाढलेली आहे आणि मी नाही, त्यामुळे यावर माझ्याजवळ उत्तर नाही. शिवाय नाटक सुटल्यावर रात्री साडेअकराला बेलापूरला परत कसे जायचे, असाही तिचा प्रश्न आहे.

हा वाद बरीच वर्षे केवळ वाद म्हणून चालला. गेल्या दिवाळीनंतर आमच्या सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव केला. आता निदान तीन वर्षे कुठेतरी राहायला जावे लागणारच आहे. फेब्रुवारीत आम्ही दोघे सेक्टर ८ मधले एक घर पाहून आलो. खाली दोन खोल्या, वर एक, मागे फणसाचे झाड आणि पुढे तोच चौक, ज्याच्या एका कडेला कोणी वाल सोलत बसले होते. मी सवयीने भिंतीवर बोटांनी टकटक केले, पोपडे कुठे दिसत नव्हते. घरमालकांनी सांगितलेला आकडा मला जास्त वाटला नाही, आणि माझ्या व्यवसायात असे वाटणे हे धोक्याचे लक्षण समजतात. तेवढ्यात पत्नीने, ज्या सूचना मी एकतीस वर्षे इतरांना देत आलो आहे त्यांतली पहिलीच सूचना, मला सर्वांदेखत ऐकवली: डोंगराखालचे घर पावसात पाहिल्याशिवाय घेऊ नये. घरमालक हसले आणि म्हणाले, जुलैत या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही जाणार आहोत. पत्नीने टेप नको, छत्री आणि जुनी चप्पल आण, असे आताच सांगून ठेवले आहे.