फातमा म्हणजे तोडणारी

लेकीला लस टोचायला इथल्या आरोग्य केंद्रात नेलं होतं. नर्सने दार अर्धवट उघडून "फातमा!" अशी हाक मारली आणि बाकावरच्या तिघीजणी एकदम उठल्या. एक कॉलेजातली मुलगी, एक कडेवर तान्हं घेतलेली, आणि एक काठी टेकत आलेली आजी. नर्सने पुढे 'बिन्त', म्हणजे 'ची मुलगी', लावून बापाचं नाव घेतलं, मग आजोबांचं, तेव्हा कुठे आजी आत गेल्या.

मस्कतमध्ये हे नाव दिवसातून दोनदा तरी कानावर पडतं. मला ते नवं नाही. मी दापोलीकडची, आमच्या गावात फातमाबी होत्याच. पण या नावाचा अर्थ काय, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. 'पवित्र', 'तेजस्वी' असलंच काहीतरी असेल असं धरून चालले होते.

अर्थ कळला तो शेजारच्या खालांकडून (खाला म्हणजे मावशी). त्यांचं बालपण झांझिबारचं, त्यामुळे अरबी, स्वाहिली आणि मोडकं हिंदी तिन्ही एका वाक्यात येतं. लेक दीड वर्षाची झाली, तिचं अंगावरचं तोडायचं मी ठरवलं, पण रात्री तिच्या रडण्यापुढे माझा निश्चय टिकेना. खाला एका संध्याकाळी कागदाच्या पुडीत काळपट, चकचकीत खडा घेऊन आल्या. "सबिर. थोडा पानी, इधर लगाओ." मी वास घेतला आणि ओळखला. काळा बोळ! आमच्या आजीच्या फडताळातला, कोरफडीच्या रसाचा, जिभेला लागला तर तासभर कडू राहणारा. मुलाचं दूध तोडताना ती हेच लावायला सांगायची. अरबीत हा 'सबिर' आणि धीर धरणं म्हणजे 'सब्र' एकाच अक्षरांत लिहितात. आपली सबुरी याच 'सब्र'मधून आलेली.

मग खाला म्हणाल्या, दूध सोडवण्याला आमच्यात 'फिताम' म्हणतात, आणि फातमा त्यातूनच आली. मला आधी ते खरंच वाटेना. पण त्या धातूचा मूळ अर्थ तोडणं, कापणं असा आहे. जुन्या अरबीत दोर कापण्यालाही तेच क्रियापद आहे. 'आयेशा' म्हणजे जगणारी, 'साजिदा' म्हणजे सजदा करणारी, त्याच घडणीत 'फातिमा' म्हणजे तोडणारी, बाळाचं दूध तोडणारी. आपणही दूध 'तोडलं'च म्हणतो. हजारो कोसांवरच्या दोन भाषांतल्या आयांना या प्रसंगासाठी तोच शब्द सुचावा, याने माझ्या अंगावर काटा आला. ते तुटणं आईलाही लागतं, हे त्या शब्दात आहे.

जन्मलेल्या मुलीला असलं नाव का द्यायचं? खालांचं म्हणणं, पूर्वी पोरं जगायची कुठे? मुलगी मोठी व्हावी, आई व्हावी, तिचं बाळ दूध तुटेपर्यंत जगावं, एवढा मोठा आशीर्वाद त्या नावात आहे. जाणकारही नावाचा अर्थ असाच लावतात. शिया परंपरेत आणखी एक अर्थ सांगतात: नरकाच्या आगीपासून तोडून दूर ठेवलेली.

नाव इस्लामच्या आधीपासूनचं. पैगंबरांची लेक फातिमा, तिची सासू म्हणजे हजरत अलींची आईही फातिमा, आणि पैगंबरांच्या पत्नी खदीजांची आईही फातिमाच. एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचना-कृतींच्या नोंदीत, पैगंबर अलींना रेशमी वस्त्र देऊन सांगतात, हे कापून 'फवातिम'मध्ये वाट, म्हणजे घरातल्या फातिमांमध्ये. आरोग्य केंद्रातला तो बाक मला लगेच आठवला.

लेक फातिमा इ.स. 632 मध्ये, वडिलांच्या मागोमाग काही महिन्यांतच गेली. तिच्या नावाने पुढे फातिमी घराणं उभं राहिलं (909 ते 1171), ज्यांनी कैरो वसवलं. मोरोक्कोतल्या फेजमध्ये 859 साली अल-करवियीन मशीद आणि विद्यापीठ उभारणारी फातिमा अल-फिहरी होती, असं परंपरा सांगते. तुर्कस्तानात फात्मा, इराणात फातेमे, माली-सेनेगलकडे फातूमाता आणि फातू, खालांच्या झांझिबारला फातुमा, आणि इथे लाडाने फत्तूम. त्यात जो 'त' आहे तो आपल्या 'त'पेक्षा जड, तोंड भरून उच्चारायचा. मला तो अजून नीट जमत नाही.

एक गोष्ट मात्र वाचली तेव्हा फार लागली. अल्जीरियात फ्रेंच लोक घरकामाच्या कुठल्याही अरब बाईला सरसकट 'फात्मा' म्हणत. जिच्या नावात एवढी माया, तिचं स्वतःचं नाव विचारायचीही तसदी नाही.

गोव्याच्या ख्रिस्ती घरांतल्या फातिमा वेगळ्या वाटेने आल्या. पोर्तुगालमध्ये फातिमा नावाचं गाव आहे. तिथे 1917 साली तीन मेंढपाळ मुलांना मारियेचं दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे. त्या गावाचं नाव एका मूर, म्हणजे तिकडच्या मुसलमान, राजकन्येवरून पडलं, अशी दंतकथा. म्हणजे नाव अरबांचं, पोर्तुगालमार्गे थेट आपल्या किनाऱ्यावर. आणि पुण्याची फातिमा तर सावित्रीबाईंच्या 10 ऑक्टोबर 1856 च्या पत्रात आहे. नायगावहून जोतिबांना लिहिताना त्या म्हणतात, की फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. शाळेत असताना ही ओळ वाचली होती, तेव्हा नावावर थांबले नव्हते.

काळा बोळ मी शेवटी लावला नाही. हात होईना. चार रात्री नुसतं थोपटत, कडेवर घेऊन घरभर फिरत काढल्या. पाचव्या रात्री ती दुधासाठी न रडता झोपली आणि मीच जागी राहिले.

सकाळी खालांनी दारातूनच विचारलं, "इन्फतमत?" तुटलं का?

अरबी शब्द माझ्या तोंडाशी आला होता, पण निघाला तो मराठीच. "तोडलं, खाला."

त्यांना तो बरोबर कळला.