वाक्य संपेपर्यंत थांबायला लावणारे खेळ

आमच्या टीममध्ये हुशार माणसांची कधीच वानवा नव्हती. पण कुणी नवी कल्पना मांडायला तोंड उघडलं, की ती पुरती बाहेर पडायच्या आत 'हे का जमणार नाही' याची कारणं तयार असायची. त्यामुळे इम्प्रोव्हचं, म्हणजे संहितेशिवाय उत्स्फूर्तपणे करायच्या नाटकाचं, प्रशिक्षण ठरलं तेव्हा मला उत्सुकता वाटली आणि धाकधूकही. अभिनय कुणाला येत होता?

अभिनयाची गरज पडलीच नाही. हे खेळ मुळात नटांसाठी नव्हतेच, असं प्रशिक्षकांनी सांगितलं. शिकागोमध्ये 1939 च्या सुमारास व्हायोला स्पोलिन स्थलांतरितांच्या वस्त्यांमधल्या मुलांना नाटक शिकवत होत्या. भाषणबाजी न करता मुलांना मोकळं करायचं म्हणून त्यांनी असे खेळ रचले. पुढे त्यांचा मुलगा पॉल सिल्स 1959 मध्ये 'सेकंड सिटी' ही नाट्यसंस्था काढणाऱ्यांपैकी एक होता, आणि हे खेळ रंगभूमीवर रुजले.

सुरुवात एकेक शब्द जोडून गोष्ट सांगण्यापासून झाली. 'एकदा', 'एका', 'जुन्या'... माझ्या डोक्यात 'घरात' आणि त्यापुढचं सगळं रचून तयार. माझ्या आधीचा म्हणाला, 'विहिरीत'. झालं, घर गेलं. आता विहिरीतूनच पुढे जायचं. मनात धरून ठेवलेलं सोडून देणं एवढं जड जातं, हे मला तिथे कळलं.

पण मला खरा उपयोगी वाटला तो दुसराच खेळ. समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द उचलायचा आणि तिथून आपलं वाक्य सुरू करायचं. 'रिपोर्टला उशीर होतो.' 'होतो, कारण आकडे संध्याकाळी येतात.' 'येतात, पण तपासायला माणूस नसतो.' नियम एवढाच, पण मराठीत 'आहे' की 'नाही' हे शेवटीच कळतं. त्यामुळे वाक्य संपेपर्यंत उत्तर जुळवताच येत नाही, ऐकावंच लागतं. पहिल्या फेरीत आम्ही सगळेच अडखळलो. मग बोलण्याचा वेग उतरला आणि एरवी गप्प बसणारी माणसं बोलू लागली.

त्यानंतर एका मीटिंगच्या आधी आम्ही मुद्दाम हाच खेळ घेतला. विषय होता, एकच ग्राहक तीच तक्रार फोनवर, ईमेलवर आणि अ‍ॅपवर पुन्हा पुन्हा का नोंदवतो. दुबार तक्रारी ओळखून गाळायच्या कशा, यावर आमचा बराच खल झाला होता. टीममधली सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, "पुन्हा नोंदवतात, कारण..." आणि थांबली. एरवी ती जागा कुणीतरी भरून टाकली असती. या वेळी कुणी बोललं नाही. ती पुढे म्हणाली, "कारण पहिली तक्रार आपल्याला मिळाली की नाही, हे त्यांना कळतच नाही." गाळण्याचा विषय तिथेच मागे पडला. तक्रार नोंदवल्याचा आणि ती कुठवर आली याचा मेसेज आपोआप जाईल अशी सोय आम्ही केली, आणि दुबार नोंदी स्पष्ट दिसतील इतक्या कमी झाल्या.

खेळ सगळीकडे चालतात असं मात्र मी म्हणणार नाही. खर्चाचे आकडे तपासायचे असतील किंवा दोन पर्यायांतून एक नक्की करायचा असेल, तर तिथे शंका काढणाराच माणूस हवा. आणि साहेब बाजूला खुर्ची टाकून बघत बसले, तर खेळ पडलाच म्हणून समजा. त्यांनीही गोलात उभं राहायला हवं. ज्याला नको वाटतं त्याला आम्ही ओढत नाही. तो वेळ मोजतो, आणि बहुतेक वेळा पुढच्या फेरीला स्वतःहून येतो.