करणार नाही

६ ऑगस्ट, पहाट

दादाचा मेसेज रात्री साडेअकराला आला. ‘झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटतं. पुन्हा असं होणार नाही.’ बस. शेवटी जोडलेले दोन हात. वहिनीचा उल्लेख नाही, कपाटाचा नाही, माझा तर नाहीच.

झोप लागली नाही ती नाहीच. जपानमधले सव्वाआठ, हिरोशिमावर बाँब पडला ती वेळ, म्हणजे आपल्याकडचे पावणेपाच, हे लक्षात होतं, म्हणून उठून चहा टाकला आणि फोनवर तिथल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम लावला. घंटा झाली. हजारो माणसं माना खाली घालून उभी. आमच्या मागच्या गल्लीत तेव्हाच दूधवाल्याची मोटरसायकल फटफटत गेली.

तिथल्या स्मारकाच्या कमानीसमोर मी उभी राहून आलेय. दादाचाच मुलगा घेऊन गेला होता, ओसाकाहून, एका दिवसात जाऊन येऊन. घोड्याच्या खोगिरासारखी काँक्रीटची कमान, केन्झो टांगेंनी आखलेली, १९५२ सालची. तिच्यातून पाहिलं की समोर ज्योत आणि तिच्या पलीकडे बाँबनंतर उरलेला तो घुमटाचा सांगाडा, सगळं एका रेषेत येतं. ज्योत १९६४ पासून जळतेय. जगातलं शेवटचं अण्वस्त्र मोडीत निघालं की विझवायची, असं ठरलंय. (पोखरणची आठवण मला तिथेच यायला हवी होती का? आली. भाच्याला काही बोलले नाही.)

कमानीखाली दगडी पेटी आणि पेटीवर एक ओळ. मी म्हटलं, वाचून दाखव. तो म्हणाला, ‘शांत झोपा, कारण ती चूक पुन्हा करणार नाही.’

‘कोण करणार नाही?’

‘ते लिहिलेलं नाही, आत्या. जपानीत कर्ता सांगावाच लागत नाही.’

तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं. आज तेच घशात अडकलंय.

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला असंही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर टोकियोत खटला चालला, त्यात सगळ्या आरोपींना निर्दोष म्हणणारे एकटे न्यायाधीश, आपले राधाबिनोद पाल, कमान उभी राहिली त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथे गेले आणि ओळीचा अर्थ कळल्यावर चिडले. चूक कोणाची? बाँब काय जपान्यांनी टाकला? ओळ लिहिणारे तादायोशी साइका हिरोशिमा विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे, स्वतः बाँबमधून वाचलेले. त्यांचं उत्तर असं की यात सगळी माणसं आली, वाचणारासुद्धा. पण भांडण मिटलं नाही. २००५ मध्ये एकाने छिन्नी आणून नेमका ‘चूक’ हाच शब्द खरवडून काढायचा प्रयत्न केला.

इंग्रजी फलकावर त्यांना ‘वी’ घालावंच लागलं, त्या भाषेला कर्त्याशिवाय चालतच नाही. पण ते ‘वी’ मराठीत आणायला गेलं की पंचाईत होते. आम्ही की आपण? पाल यांना तिथे ‘आम्ही’ ऐकू आलं, साइकांना म्हणायचं होतं ‘आपण’. या दोन शब्दांत किती अंतर असतं ते आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी पानं मांडली तेव्हा मला कळलं. असो.

मेलेल्यांतसुद्धा आम्ही आणि आपण असतंच. बाँबने मेलेल्या कोरियन लोकांचं स्मारक १९७० मध्ये झालं, पण कमान आहे त्या स्मारकाच्या बागेबाहेर. आत यायला १९९९ उजाडलं.

आणि तरी दगडावर ‘करणार’ आहे हो! दादा, ‘करणार’ आहे. करणारा कोणीतरी असतो, फक्त नाव घातलेलं नाही. तुझं ‘होणार नाही’ म्हणजे पाऊस आहे का, होईल किंवा नाही होणार? एवढी वर्षं समजून घ्यायचं ते मीच. आईच्या दुखण्यातही मीच… नको. पहाटे पहाटे ते नको.

त्या पेटीत नावांच्या वह्या आहेत. १९४५ च्या अखेरपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं गेली, पण वह्या तिथे थांबल्या नाहीत. वाचलेल्यांपैकी जे जे पुढे जातात, त्यांची नावं दर वर्षी ६ ऑगस्टला आत ठेवतात. आज साडेतीन लाखांच्या आसपास असतील. एक वही कोरीच आहे, ज्यांची नावंच कळली नाहीत त्यांच्यासाठी. आणि दर मे महिन्यात, पावसाळ्याआधी, सगळ्या वह्या बाहेर काढतात, पांढरे हातमोजे घालून एकेक पान उलटतात आणि वारा देतात. कसर लागू नये म्हणून. हे भाच्याने सांगितलं तेव्हा मला एकदम आईचं कपाट आठवलं होतं. मे महिन्यात गच्चीवर चटई, तिच्यावर इरकली, नऊवारी, डांबरगोळ्यांचा वास, आणि दादा नि मी कावळे हाकायला.

यंदा त्या साड्या बाहेर निघाल्या नाहीत. निघाल्या नाहीत! बघा, मीसुद्धा. साड्या काय स्वतःहून निघतात? किल्ली माझ्याकडे होती. मे महिनाभर मी ती पर्समध्ये घेऊन फिरले, कारण मला दादाच्या घरी पाय ठेवायचा नव्हता.

मग आठवत गेलं. वहिनीचा लग्नातला कप माझ्या हातून पडला तेव्हा मी स्वयंपाकघरातून ओरडून काय सांगितलं? ‘वहिनी, कप फुटला गं!’ फुटला. आपला आपणच. त्यावर ती म्हणाली होती, ‘फुटू दे.’

आपल्या भाषेने ही सोय केव्हाची करून ठेवलीय. दूध उतू जातं, भाजी करपते, राहून जातं, बोललं जातं. न्यायाधीश पाल आमच्याकडे जेवायला आले असते तर उपाशी उठले असते.

साडेसहा वाजले. दादा उठला असेल, फिरायला निघाला असेल. मोठं काहीतरी लिहायला घेतलं आणि चार वेळा खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं: ‘किल्ली माझ्याकडे आहे. श्रावणात उघडीप मिळाली तर साड्यांना ऊन दाखवायला हवं.’ कर्ता यातही नाही, पाठवल्यावर दिसलं.

दोन मिनिटांत उत्तर. ‘हो. दाखवू.’

आता हे ‘दाखवू’ म्हणजे तो नि वहिनी, की मीही त्यात, ते मी विचारलं नाही. पर्समधली किल्ली काढून फ्रिजवर ठेवलीय, समोर दिसेल अशी.